भरलेल्या उपनगराचा पुनर्विकास : इमारतीपलीकडचा विचार



नगररचना हा शब्द उच्चारला की सामान्यतः मोकळी जमीन डोळ्यांपुढे येते. कोऱ्या कागदावर रस्ते आखावेत, शाळा, दवाखाने, बाजार आणि उद्याने यांच्या जागा ठरवाव्यात आणि मग तेथे घरे बांधावीत, असा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यावर नवी मुंबईची उभारणी बहुतांशी याच क्रमाने झाली. तेथेही मूळची गावे आणि मूळचे ग्रामस्थ होतेच. तरीही रस्त्याची आखणी आधी आणि वस्ती नंतर, हे सूत्र बऱ्याच अंशी पाळता आले.

पूर्ण भरलेल्या उपनगरात हा क्रम उलटा असतो. तेथे माणूस आधीच राहावयास आलेला असतो. प्रत्येक भूखंडावर इमारत उभी असते, प्रत्येक इमारतीत कुटुंबे नांदत असतात, रस्त्याखाली नळ, गटारे आणि विजेच्या तारा यांची दाटी झालेली असते. अशा ठिकाणी नियोजन करावयाचे म्हणजे चालत्या गाडीची चाके बदलण्यासारखे आहे. जागा नवी मिळत नाही. जुन्या जागेचाच नव्याने उपयोग करावा लागतो. मुंबईच्या उपनगरांपुढे आज हाच प्रश्न उभा आहे. त्याचे स्वरूप नीट लक्षात येण्यासाठी विलेपार्ले या उपनगराचे उदाहरण उपयोगी पडेल.

पार्ल्याची जडणघडण

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाट वस्ती आणि कोंदट घरे यांचा धडा त्या साथीने दिला. त्यातून १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि पुढे दादर, माटुंगा या भागांत आखीव वसाहती निर्माण झाल्या. त्या वेळी विलेपार्ले शहराच्या हद्दीबाहेर, साष्टीतील एक गाव होते. १९१५ चा नगररचना अधिनियम आल्यानंतर बांद्रे, खार, सांताक्रूझ आणि विलेपार्ले येथे नगररचना योजना राबविण्यात आल्या. या योजनांची पद्धत लक्षात ठेवण्याजोगी आहे. वेड्यावाकड्या आकाराच्या शेतजमिनी एकत्र धरावयाच्या, त्यांतून रस्ते व सार्वजनिक जागा काढावयाच्या आणि उरलेली जमीन सुघड आकाराचे अंतिम भूखंड पाडून मूळ मालकांना परत द्यावयाची. प्रत्येकाची जमीन थोडी कमी झाली, परंतु प्रत्येकाच्या दारापर्यंत रस्ता आला.

या रस्त्यांच्या कडेला टुमदार बंगले उभे राहिले. १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ या संस्था नागरिकांच्या पुढाकारातून स्थापन झाल्या. १९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द वाढली आणि हे उपनगर महानगरपालिकेच्या क्षेत्रात आले. १९५७ मध्ये ती हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत पोहोचली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अमलात आला आणि त्यानंतरच्या दोन दशकांत बंगल्यांच्या जागी तळमजला अधिक तीन मजल्यांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारती आल्या. लिफ्टवाचून चढता येतील इतकेच मजले आणि मध्यमवर्गीय नोकरदाराला परवडेल एवढीच खोली, असे त्यांचे माप होते. आज पुनर्विकासाच्या चर्चेत असलेल्या बहुसंख्य इमारती याच पिढीतील आहेत.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्काची पद्धत आणली. रस्ता किंवा उद्यान यांसाठी जमीन देणाऱ्यास तेवढे बांधकाम अन्यत्र करण्याचा हक्क मिळू लागला. ही कल्पना उपयुक्त होती. कारण महानगरपालिकेच्या तिजोरीवर भार न पडता सार्वजनिक जागा मिळू शकत होत्या. मात्र शहर बेटावर निर्माण झालेला हक्कही उपनगरांतच वापरावा लागे. परिणामी शहराचे ओझे उत्तरेकडे सरकले आणि जी उपनगरे आधीच भरलेली होती त्यांवरच नव्या बांधकामाची भर पडली. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईच्या १,२४,४२,३७३ लोकसंख्येपैकी ९३,५६,९६२ लोक उपनगर जिल्ह्यात राहत होते. म्हणजे दर चार मुंबईकरांपैकी तीन उपनगरवासी होते.

पुनर्विकास का हवा

जुन्या इमारती पाडू नयेत, आहे तेच जपावे, असे म्हणणे सोपे आहे. पण ते वास्तवाला धरून नाही. समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेत सिमेंट-काँक्रीटमधील सळ्या गंजतात, फुगतात आणि वरचा गिलावा फोडून बाहेर पडतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या इमारतीत लिफ्ट नसते; ज्या जोडप्याने तिशीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतले, त्याला ऐंशीव्या वर्षी ते जिने तुरुंगासारखे वाटू लागतात. अग्निशमनाची सोय तुटपुंजी असते. वाहने अंगणात मावत नाहीत.

धोका केवळ वयाचा नसतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. जुलै २०१७ मध्ये घाटकोपर येथे एक चार मजली इमारत कोसळली आणि १७ जणांचे प्राण गेले. तळमजल्यावर चाललेले फेरबदलाचे काम त्या वेळी चर्चेचा व चौकशीचा विषय झाले. एका सदनिकेतील खांबाला लागलेला धक्का सर्व मजल्यांना भोवतो, ही गोष्ट त्या दुर्घटनेने पुन्हा एकदा दाखवून दिली. ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेण्याचे बंधन मुंबई महानगरपालिका अधिनियमाने घातले आहे, ते याच कारणासाठी. तपासणीचा अहवाल हा पुनर्विकासाचा पाया असावा. दुरुस्तीने इमारत आणखी वीस वर्षे सुखाने टिकणार असेल, तर दुरुस्ती हाही एक सन्माननीय पर्याय आहे.

पुनर्विकास हवा, हे एकदा मान्य केल्यावर खरा प्रश्न पुढे येतो. इमारत एका संस्थेची असते. परंतु रस्ता, पाणी, गटार, मैदान आणि हवा ही सर्वांची असतात. निर्णय मात्र एकेका इमारतीपुरता होतो.

एका गल्लीचा हिशेब

नऊ मीटर रुंदीची एक गल्ली घेतली आणि तीत दहा इमारती आहेत असे धरले, तर हा मुद्दा स्पष्ट होईल. प्रत्येक इमारतीत सोळा कुटुंबे, म्हणजे गल्लीत एकूण १६० कुटुंबे. दहाही इमारतींचा पुनर्विकास होऊन प्रत्येकीत ३६ सदनिका झाल्या, तर ३६० कुटुंबे होतील. वाढ २०० कुटुंबांची. एका कुटुंबात चार माणसे धरली तर ८०० माणसे वाढली. दर माणशी दररोज १३५ लिटर पाणी या मान्य प्रमाणाने गल्लीला रोज १,०८,००० लिटर जादा पाणी लागेल, आणि त्यातील सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन त्याच जुन्या मलवाहिनीत जाईल. प्रत्येक नव्या कुटुंबाकडे एक मोटारगाडी असेल, तर २०० गाड्या वाढतील. त्या एकामागोमाग एक उभ्या केल्यास एक किलोमीटर लांबीची रांग होईल. इमारतीच्या पोटात त्यांच्या वाहनतळाची सोय झाली तरी सकाळी नऊ वाजता त्या सर्व गाड्या याच गल्लीत उतरणार, हे उघड आहे.

या दहापैकी एकाही इमारतीने नियम मोडलेला नसेल. प्रत्येकीचा नकाशा मंजूर असेल, प्रत्येकीने शुल्क भरलेले असेल. तरीही गल्ली तोकडी पडेल. प्रत्येक इमारत नियमात आणि एकूण वस्ती मात्र अडचणीत, हेच भरलेल्या उपनगराच्या पुनर्विकासाचे मूळ दुखणे आहे.

२०१८ मध्ये मंजूर झालेल्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ ने बांधकामाचे प्रमाण रस्त्याच्या रुंदीशी जोडले, ही इष्ट गोष्ट होती. तिच्या तरतुदीनुसार उपनगरांत मूळ चटई क्षेत्र निर्देशांक १.०० ठेवण्यात आला. अधिमूल्य भरून आणि विकास हक्क विकत घेऊन तो नऊ मीटरच्या रस्त्यावर २.०० पर्यंत, तर सर्वांत रुंद रस्त्यांवर २.५० पर्यंत नेण्याची मुभा देण्यात आली. याखेरीज फंजिबल क्षेत्र वेगळे. रस्ता जितका रुंद तितके बांधकाम अधिक, हे तत्त्व योग्यच आहे. परंतु नियम एका भूखंडाचा समोरचा रस्ता पाहतो. तोच रस्ता पुढे स्थानकाजवळ सहा मीटर होत असेल, तर त्याची नोंद एका भूखंडाच्या प्रकरणात सहसा उमटत नाही.

रस्तारुंदीचेही तसेच आहे. इमारत नव्याने बांधताना रस्तारेषेबाहेरची पट्टी सोडावी लागते. पण दहांपैकी तीन इमारती मागे सरकल्या आणि सात जागच्या जागी राहिल्या, तर रस्ता दात पडलेल्या फणीसारखा दिसतो. त्या रुंद झालेल्या तुकड्यांत वाहने उभी राहतात. वाहतुकीला त्याचा काडीचाही उपयोग होत नाही.

पावसाचे पाणी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. तो दिवस मुंबईकर विसरलेले नाहीत. त्याच्या बारा वर्षे आधी, १९९३ मध्ये, पर्जन्य जलवाहिन्यांच्या बृहत् आराखड्याने एक धोक्याची सूचना दिली होती. शहरातील जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून आणि त्यातील निम्मे पाणी जमिनीत मुरेल असे मानून बांधलेल्या होत्या. ही क्षमता ताशी ५० मिलिमीटरपर्यंत वाढवावी आणि पाणी मुरण्याचा हिशेबच धरू नये, अशी त्या आराखड्याची शिफारस होती; कारण मुरण्यासाठी माती उरलेलीच नव्हती.

एक हजार चौरस मीटरच्या भूखंडावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५०,००० लिटर पाणी जमा होते. जुन्या पार्ल्यातील बंगल्याभोवती आंबा, फणस, नारळ होते, विहीर होती. पाण्याचा मोठा वाटा तेथेच मुरत असे. भूखंडाच्या कडेपर्यंत तळघर खोदून वर फरशी घातली की सर्व पाणी रस्त्यावर येते. पार्ल्यात याला आणखी एक कारण जोडले गेले आहे. विमानतळ शेजारी असल्यामुळे इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहेत, आणि विमानांच्या सुरक्षिततेसाठी त्या पाळल्याच पाहिजेत. मात्र उंच जाता आले नाही की इमारत आडवी पसरते आणि भोवतालची माती झाकली जाते.

डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका प्रकरणात निर्णय देताना दोन गोष्टींवर भर दिला. किमान आवश्यक मनोरंजनाची मोकळी जागा जमिनीच्या पातळीवरच असली पाहिजे आणि अग्निशामक बंबाला फिरण्यासाठी इमारतीभोवती सहा मीटर मोकळी जागा हवी. झाडांना माती हवी, मुलांना मैदान हवे आणि बंबाला वाट हवी, इतक्या साध्या गोष्टी न्यायालयाला सांगाव्या लागल्या, यावरून जागेची ओढाताण किती वाढली आहे याची कल्पना येते.

घर सोडणारी कुटुंबे

पुनर्विकास म्हणजे केवळ जुन्या भिंतींची अदलाबदल नव्हे. त्यासाठी चालता संसार दोन-तीन वर्षांकरिता अन्यत्र न्यावा लागतो. मुलांची शाळा, वृद्धांचे डॉक्टर, घरकाम करणाऱ्या बायांची नेहमीची घरे, कोपऱ्यावरचा वाणी ही सगळी वीण त्या काळात उसवते. एकाच वेळी आसपासच्या पंधरा-वीस इमारती रिकाम्या झाल्या की भाड्याची घरे दुर्मीळ होतात, भाडी चढतात आणि कुटुंबांना दूरच्या उपनगरात जावे लागते. ज्या वृद्धाने सही करून घर सोडले, त्याला नव्या घराचा उंबरठा ओलांडता येईल की नाही, ही चिंता अनाठायी नसते.

गोरेगाव येथील सिद्धार्थनगर, म्हणजेच पत्राचाळ, हे याचे बोलके उदाहरण आहे. तेथील ६७२ कुटुंबांच्या पुनर्वसनासाठी २००८ साली करार झाला. घरे रिकामी झाली, परंतु काम रखडले आणि भाडेही थांबले. अखेरीस म्हाडाला हा प्रकल्प आपल्या हाती घ्यावा लागला आणि २०२२ मध्ये बांधकामास पुन्हा प्रारंभ झाला. करार आणि हे पुनरारंभाचे काम यांमध्ये १४ वर्षे गेली. बालवाडीत जाणारे मूल एवढ्या काळात महाविद्यालयात पोहोचते. अशी पाळी कोणत्याही वस्तीवर पुन्हा येऊ नये, हा पुनर्विकासाच्या धोरणाचा पहिला निकष असावयास हवा.

कायद्याचे कवच

सभासदांचे हित जपण्यासाठी शासनाने सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ अन्वये ३ जानेवारी २००९ रोजी निदेश दिले आणि ४ जुलै २०१९ रोजी ते सुधारून पुन्हा जारी केले. विशेष सर्वसाधारण सभा, वास्तुविशारद वा प्रकल्प सल्लागाराची नेमणूक, व्यवहार्यता अहवाल, निविदा, निबंधकाच्या प्रतिनिधीच्या उपस्थितीत विकासकाची निवड, सभेचे चित्रीकरण आणि नोंदणीकृत करारनामा अशा पायऱ्या त्यांत घालून दिल्या. सुधारित निदेशांत एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्के सभासदांची लेखी संमती आवश्यक ठरविण्यात आली. प्रकल्पाच्या खर्चाच्या २० टक्के रकमेची बँक हमी विकासकाकडून घ्यावी, ही तरतूद तर प्रत्येक सभासदाने पाठ करून ठेवावी अशी आहे. काम मध्येच थांबले तर संस्थेच्या हाती उरणारे ते खरे साधन होय.

अनेक संस्थांची अडचण याहूनही आधी सुरू होते. इमारत संस्थेच्या ताब्यात असते, पण जमीन मूळ मालकाच्या किंवा विकासकाच्या नावावरच राहिलेली असते. अशा संस्थांसाठी १९६३ च्या मालकी सदनिका अधिनियमात २००८ साली दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. जमिनीचा सात-बारा किंवा मिळकत पत्रिका आपल्या नावावर करून घेणे हे पुनर्विकासाचे पहिले पाऊल आहे. विकासकाशी बोलणी त्यानंतरची.

संस्थेने स्वतःच पुनर्विकास करावा, या स्वयंपुनर्विकासाच्या मार्गालाही सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने उत्तेजन दिले. या मार्गात लाभ सभासदांकडे राहतो. परंतु जोखीम आणि कष्टही त्यांच्याकडेच येतात. हिशेब ठेवणारे, वेळ देणारे आणि परस्परांवर विश्वास असणारे सभासद असतील तेथे हा मार्ग श्रेयस्कर ठरेल.

या सर्व व्यवहारात भाडेकरूचा विसर पडता कामा नये. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. त्याचप्रमाणे, ५१ टक्क्यांनी निर्णय घेतला तरी उरलेल्या ४९ टक्क्यांना तो समजावून देण्याची जबाबदारी संपत नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सभासदाला नव्या घरातील दोन लिफ्ट, पाण्याचे पंप आणि अग्निशमन यंत्रणा यांच्या देखभालीचा मासिक खर्च पेलणार आहे काय, याचा हिशेब करार होण्यापूर्वीच मांडला गेला पाहिजे. वाढीव क्षेत्र एकदाच मिळते. देखभाल खर्च दरमहा द्यावा लागतो.

एकत्र येण्याचा लाभ

भरलेल्या उपनगराच्या दुखण्यावर जो उपाय आहे, त्याचे बीज पार्ल्याच्या नगररचना योजनेतच आहे. शंभर वर्षांपूर्वी शेजाऱ्यांनी जमिनी एकत्र केल्या म्हणून रस्ते झाले. आज शेजारच्या संस्था एकत्र आल्या तर मोकळी जागा निर्माण होऊ शकते.

हे आकड्यांनी पाहता येईल. ८०० चौरस मीटरचे तीन भूखंड शेजारी-शेजारी आहेत असे धरू. प्रत्येकाचा पुनर्विकास स्वतंत्र झाला तर एक हजार चौरस मीटरपेक्षा लहान असल्यामुळे त्यांना मनोरंजनाची सामायिक जागा सोडण्याचे बंधन नाही. तिन्ही एकत्र आले तर २,४०० चौरस मीटरचा भूखंड होतो आणि नियमानुसार त्याच्या १५ टक्के, म्हणजे ३६० चौरस मीटर जागा मोकळी ठेवावी लागते. एवढ्या जागेत मुलांचे खेळणे, वृद्धांचे बाक आणि आठ-दहा मोठी झाडे सहज मावतात. तीन कुंपणांच्या चिंचोळ्या फटी जाऊन बंबाला मोकळी वाट मिळते. तीन वेगळी प्रवेशद्वारे जाऊन एक राहते. उपनगरांत ६,००० चौरस मीटरहून मोठ्या क्षेत्रासाठी समूह पुनर्विकासाची तरतूदही नियमावलीत आहे.

एकत्र येणे सोपे नाही, हे मान्य केले पाहिजे. एका संस्थेची जमीन मोठी, दुसरीचे सभासद अधिक, तिसरीची इमारत अजून धडधाकट. मानापमानही मध्ये येतात. परंतु बोलणीच न झाल्यामुळे गमावलेली संधी पुढील पन्नास-साठ वर्षे परत येत नाही; कारण नवी इमारत एकदा उभी राहिली की भूखंडाची कुंपणे दोन पिढ्यांसाठी पक्की होतात.

दीर्घकालीन नियोजनाची दिशा

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास योजना सुमारे वीस वर्षांनी सुधारली जाते. बृहन्मुंबईची पहिली विकास योजना १९६० च्या दशकात, दुसरी १९९० च्या दशकात आणि तिसरी २०१८ मध्ये मंजूर झाली. या योजनांतील आरक्षणे हा नकाशावरील रंगांचा प्रश्न नसून वस्तीच्या श्वासाचा प्रश्न आहे. २०१५ साली तिसऱ्या योजनेचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात गंभीर चुका असल्याचे ठिकठिकाणच्या नागरिकांनी दाखवून दिले आणि शासनाने तो नव्याने तयार करावयास सांगितला. आपल्या गल्लीचा नकाशा ज्या नागरिकांनी उघडून पाहिला, त्यांच्यामुळेच हे घडले. कार्यालयात बसलेल्या कोणत्याही नियोजनकारापेक्षा गल्लीतील माणसाला गल्ली अधिक ठाऊक असते.

म्हणून वीस वर्षांच्या मोठ्या योजनेच्या जोडीला प्रभागाची छोटी, पण नेमकी योजना हवी. त्यात प्रथम प्रत्येक गल्लीतील इमारतींचे वय व स्थिती, जलवाहिनीचा व्यास, गटाराची क्षमता, झाडे आणि रस्त्याची खरी रुंदी यांची नोंद व्हावी. दुसरे, येत्या दहा वर्षांत कोणत्या इमारती पाडल्या जाण्याचा संभव आहे त्याचा अंदाज घेऊन वाहिन्यांची कामे आधी पुरी करावीत. नवा रस्ता झाल्यावर तो पुन्हा खोदण्याची पाळी येऊ नये. तिसरे, एकाच वेळी एका गल्लीतील सर्व इमारती रिकाम्या न होता टप्प्याटप्प्याने काम व्हावे, म्हणजे विस्थापित कुटुंबांना जवळपास घरे मिळतील आणि धूळ व अवजड वाहने यांचा जाच मर्यादित राहील. चौथे, पुनर्विकासातून मिळणाऱ्या अधिमूल्याचा व विकास शुल्काचा ठळक वाटा त्याच प्रभागातील पाणी, मलनिस्सारण आणि मैदाने यांवर खर्च व्हावा आणि त्याचा जमाखर्च नागरिकांपुढे मांडला जावा. ओझे ज्यांच्यावर पडते, सोयही त्यांच्याच वाट्याला आली पाहिजे. पाचवे, शाळा, ग्रंथालये, नाट्यगृहे आणि बाजार यांच्या जागांवर इमारती नव्याने बांधताना मूळ उपयोग कमी होणार नाही, याची दक्षता घ्यावी. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्यांना घटनात्मक स्थान दिले आहे. अशा कामासाठी त्यांच्याइतके योग्य व्यासपीठ दुसरे नाही.

नागरिकांची भूमिका

शासन नियम करील, महानगरपालिका नकाशे मंजूर करील, न्यायालय वाद मिटवील. परंतु शेजारच्या संस्थेच्या अध्यक्षाकडे जाऊन, आपण दोघे मिळून विचार करू या, असे म्हणण्याचे काम कोणताही अधिनियम करू शकत नाही. ते सभासदांनाच करावे लागेल. सर्वसाधारण सभेत, किती चौरस फूट जादा मिळणार, हा प्रश्न विचारला जातो आणि तो रास्तही आहे. त्याच्या जोडीला आणखी चार प्रश्न विचारले जावेत: माती किती उरणार, बंब आत येणार काय, बँक हमी मिळाली काय, आणि घर सोडणारा प्रत्येक सभासद व भाडेकरू परत येणार काय?

मोकळ्या जमिनीवर चुकलेली आखणी पुढच्या वसाहतीत सुधारता येते. भरलेल्या उपनगरात पुढची वसाहत नसते; जे आहे तेच आणि तेथेच सुधारावे लागते. आज ज्या इमारतींचे आराखडे संमत होत आहेत, त्यांत २०८० सालची मुले राहणार आहेत. त्या मुलांना अंगण नसले तरी मैदान असावे, विहीर नसली तरी पाणी असावे आणि पावसाळ्यात दारापर्यंत कोरडी वाट असावी, एवढी तरतूद आजच्या पिढीने केली, तर पुनर्विकास या शब्दातील विकास सार्थ ठरेल.